माझ्या तोंडात लाटण्याची मूठ

मी एक जुना सोलर बंब आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेलो आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा.

लखनौच्या विकास नगरात, रेल्वेत इंजिनियर असलेल्या शरदरावांच्या गच्चीवर मी अकरा वर्षं उभा आहे. माणसं मूळची साताऱ्याची. मला बसवणाऱ्या मिस्त्रीने तेव्हाच बजावलं होतं, की डोक्यावरची ही नळी वाफ जायची वाट आहे, ती कधी बुजवू नका. गावाला जाल तेव्हा काचेच्या नळ्यांवर ताडपत्री घाला आणि गार पाण्याचा कॉक चालू ठेवा. कारण उघडंच आहे. पाणी कुणी वापरो न वापरो, ऊन पडलं की मी तापणार. थांबणं मला जमत नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. थंडीत तर माझं कौतुकच कौतुक! "आमच्याकडे गिझर लावावाच लागत नाही हं," असं मालिनीताई शेजारणींना ऐकवायच्या. मीही खुळा, खूश व्हायचो.

मग आला यंदाचा मे. लखनौचं ऊन म्हणजे कुरडयांना वरदान, असं मालिनीताईंचं मत. उन्हाळ्यात गरम पाणी नको म्हणून माझ्यावर घातलेली ताडपत्री त्यांनी ओढून काढली, स्वच्छ धुतली, गच्चीवर पसरली आणि तिच्यावर कुरडया घातल्या. माझ्या डोक्यावरच्या नळीतून अधूनमधून गरम पाणी उडे, ते कुरडयांवर पडे. झालं! ताईंनी मोडक्या लाटण्याची मूठ आणली आणि बत्त्याने ठोकून नळीत बसवली.

त्यांची लेक वेदिका तिथेच होती. ती म्हणाली, "मम्मी, मिस्त्री भैया ने मना किया था ना?"

"तू गप गं! खायला मात्र पहिली येशील."

कुरडया वाळल्या, डब्यात गेल्या, ताडपत्री घडी घालून माळ्यावर गेली. मूठ तशीच राहिली. चार दिवसांनी सगळे साताऱ्याला निघाले. निघताना शरदरावांनी सवयीप्रमाणे घरातले सगळे कॉक बंद केले, माझाही. बायकोने वरून तोंड बंद केलं, नवऱ्याने खालून. एकाने दुसऱ्याला विचारलं नाही. अहो, रेल्वेच्या कारखान्यात कुणी वाफेची वाट अशी ठोकून बुजवली असती तर याच शरदरावांनी त्याला घरी बसवलं असतं! पण घरची गोष्ट आली की अक्कल गहाण.

मला माझी काळजी नव्हती. काळजी होती सरोजची. ती घरात कामाला येई आणि ते नसताना झाडांना पाणी घालायला रोज गच्चीवर येणार होती. कुंड्या अगदी माझ्या पायाशी होत्या.

पहिले दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी पाणी रात्रभर कढतच राहिलं आणि चौथ्या दिवशी माझ्या पोटात घरघर सुरू झाली. त्या दिवशी सरोजला यायला दुपार झाली. आवाज ऐकून ती दचकली. तिने लगेच फोन लावला.

"भैया, आपकी गरम पानी वाली टंकी गों-गों कर रही है।"

"अरे यार, पुरानी है, करती रहती है," शरदराव म्हणाले. "तुम बस पौधों में पानी डाल दो।"

मित्रांनो, ती बिचारी घाबरली होती. तरी मालकांचा शब्द मानून ती तुळशीपाशी वाकली. मी दम धरला, खरंच धरला. पण किती धरणार? एका काचेच्या नळीचं रबरी कडं सुटलं, नळी निसटली आणि उकळतं पाणी सरोजच्या उजव्या हातावर गेलं. कोपरापासून बोटांपर्यंत. तिची किंकाळी ऐकून शेजारचे धावत आले आणि तिला दवाखान्यात घेऊन गेले.

साताऱ्याहून सगळे तातडीने परतले. मालिनीताई सरोजजवळ बसून रडल्या. "माझं चुकलं, गलती हो गई, सरोज," असं म्हणाल्या. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गलती हो गई म्हणे! बत्ता काय आपोआप उठला होता?

मला नवी नळी बसली, नवं कडं बसलं, मी आठवड्यात ठणठणीत. सरोजची दोन बोटं अजून मिटत नाहीत. ती ज्या इतर घरांत पोळ्या करायची, त्यांनी दुसरी बाई ठेवली.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या गच्चीवर माझा कुणी भाऊबंद असेल तर आजच मोठ्यांना घेऊन वर जा. वाफेची नळी मोकळी आहे का, गार पाणी चालू आहे का, ते त्यांना बघायला लावा. गावाला जाणार असाल तर त्याला झाकून जा. आणि "एवढ्या उन्हात कशाला वर जायचं?" असं घरात कुणी विचारलंच, तर त्यांना सरोजच्या हाताचं सांगा.