फुलीपाशी सही

"फुल कव्हरेज आहे ना माझं?" लॅडी ह्लावाचने विचारलं. हातातलं पाकीट त्याने काउंटरवर ठेवलं होतं आणि वर तळवा दाबून धरला होता.

"बसा तरी आधी," डोरीन म्हणाली.

"बसायला नाही आलो. हो की नाही, एवढं सांग."

डोरीन पावेल्का या विमा एजन्सीच्या काउंटरमागे सत्तावीस वर्षं बसत होती. माणूस दारातून कसा आत येतो यावरून, गारा पडल्यात, हरीण आडवं गेलंय की पोराला लायसन्स मिळालंय, हे तिला कळायचं. लॅडी आत आला तो टोपी हातात घेऊन. चौऱ्याहत्तर वर्षांच्या या शेतकऱ्याला तिने टोपीशिवाय फक्त चर्चमध्ये पाहिलं होतं.

तिने पाकीट त्याच्या हाताखालून हळूच ओढून घेतलं. आत ओमाहाच्या वकिलाचं, भरपाई मागणारं पत्र होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर, संध्याकाळी, लॅडीने हायवेवर डावीकडे वळताना केल्सी रोडवेल्टच्या गाडीला धडक दिली होती. केल्सी दातांच्या दवाखान्यात कामाला, वय एकतीस, दोन मुलं. कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. आजवरचा खर्च एक लाख नव्वद हजार डॉलर, आणि अजून एक ऑपरेशन बाकी.

"ऊन डोळ्यांवर होतं गं," लॅडी म्हणाला. "ती पोरगी मला दिसलीच नाही. हॉस्पिटलात गेलो होतो मी. बेकरीतले गोड कोलाचे नेले होते. आत जायचा धीर झाला नाही, नर्सकडे देऊन आलो."

डोरीनने त्याची पॉलिसी पडद्यावर काढली. आकडा तिला माहीत होता, तरी काढली.

"पंचवीस हजार," ती म्हणाली.

"काय पंचवीस हजार?"

"तुमच्या हातून एखाद्याला लागलं, तर कंपनी त्याला जास्तीत जास्त तेवढेच देते. तुमच्या पॉलिसीवर तेवढाच आकडा आहे."

"आणि उरलेले?"

डोरीनने पत्र घडी करून पाकिटात परत घातलं.

"अगं, पण फुल कव्हरेज आहे माझं. गारांनी टपाला पोचे पडले ते तुम्हीच काढून दिलेत. काच दोनदा बदलली, एक सेंट घेतला नाहीत माझ्याकडून."

"ते तुमच्या गाडीचं, लॅडी. हे समोरच्याचं."

"मग समोरच्याचं फुल नाही?"

या भागात फुल कव्हरेज म्हणजे काय, तर आपला पिकअप. त्याची काच, त्याचा रंग, खडीने उडालेला टवका. बायकोच्या वाढदिवसाची तारीख विसरणारा माणूससुद्धा काचेचा विमा आहे की नाही हे झोपेतून उठवलं तरी सांगतो. समोरच्या गाडीत माणूस बसलेला असतो, हे कुणाच्या मनातच येत नाही. लोक वाईट नाहीत. पिकअप रोज दारात दिसतो आणि अपघात दिसत नाही, एवढंच.

म्हणून तर म्हाताऱ्या व्हर्न ओस्टरमनने, म्हणजे एजन्सीच्या जुन्या मालकाने, डोरीनला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं: गिऱ्हाईक आलं की हप्ता सांगायचा नाही. आधी विचारायचं, बाबा रे, तुझ्याकडे गमावण्यासारखं काय काय आहे? घर, जमीन, बँकेतली शिल्लक, जे सांगेल ते मांडायचं आणि समोरच्याच्या नुकसानीचा आकडा निदान तेवढा तरी ठेवायचा. कारण कोर्ट पॉलिसीवर थांबत नाही, पुढे घरात शिरतं.

डोरीनने तो प्रश्न हजारो माणसांना विचारला. "बायको आहे, घेऊन जा म्हणावं," हा विनोद तिने इतक्यांदा ऐकला होता की तिला हसण्याचीही सवय झाली होती. "आली बघा विकायला," असंही म्हणायचे. सर्वांत खालचा आकडा आणि बरा आकडा यांत महिन्याला अकरा डॉलरचा फरक पडे. अकरा डॉलरसाठी ती लोकांशी भांडली होती. त्या भांडणांमुळे दोन-चार घरं तरी शाबूत राहिली होती. त्या घरांतल्या माणसांना ते ठाऊक नव्हतं, आणि डोरीनने सांगितलंही नव्हतं.

फक्त लॅडीला तिने विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. लॅडीची बायको ब्लांच जाऊन आठ दिवस झाले होते. घरातले सगळे कागद तीच सांभाळायची. लॅडी बुटांच्या खोक्यात ते सगळे भरून घेऊन आला होता, आणि वर ब्लांचच्या गाडीच्या खणात सापडलेल्या वस्तू. त्या त्याने एकेक करून काउंटरवर मांडल्या. काळा चष्मा. ओठांना लावायचं मलम. साबणाच्या सवलतीचं कूपन, मुदत संपलेलं.

"यातलं काही लागतं का तुला?" त्याने विचारलं होतं.

"नाही हो."

"तिचं नाव काढायचं म्हणतात. काढ. बाकी फुल कव्हरेज ठेव."

त्याच वर्षी व्हर्नच्या मुलाने, ट्रेंटने, सगळी गिऱ्हाइकं एका नव्या कंपनीकडे हलवली होती. नव्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पॉलिसी पहिल्यापासून भरावी लागे, आणि समोरच्याच्या नुकसानीच्या चौकटीत सर्वांत खालचा आकडा आपोआप येऊन बसे. ब्लांचने कायम अडीच लाखांचा ठेवलेला होता. डोरीनला चौकट दिसत होती. ती बदलायची तर आधी विचारायला हवं. आणि विचारायचं तर ते वाक्य उच्चारायला हवं: लॅडी, तुमच्याकडे गमावण्यासारखं काय काय आहे?

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो साबणाचं कूपन घडीवर घडी घालून खिशात ठेवत होता.

पुढच्या आठवड्यात फोन करू, असं तिने ठरवलं. कागद छापले, सही करायच्या तीन जागी पेनाने फुल्या मारल्या आणि कागद पुढे सरकवले. त्याने फुली बघून सही केली, पुन्हा फुली बघून सही केली. नव्या हप्त्याचा आकडा पाहून तो थोडा वेळ थांबला.

"तिचं नाव काढल्यावर एवढा उतरला? एवढी महाग होती होय ती," तो म्हणाला आणि तिसरी सही करून गेला.

पुढचा आठवडा आला. त्यात गारपीट झाली, गावातली निम्मी छपरं फुटली, आणि फोन राहिला तो राहिलाच.

*

"सही आहे ना?" ट्रेंटने विचारलं. लॅडी येऊन गेल्याला दोन आठवडे झाले होते आणि ट्रेंटने डोरीनला आत बोलावून आपल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं.

"आहे."

"दुसऱ्या फुलीपाशी?"

"हो."

दुसऱ्या फुलीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असे: जास्त रकमेचा विमा मला समजावून सांगण्यात आला व मी तो नाकारला.

"मग झालं तर. त्याच्या पुतण्याने वकील गाठलाय. आपण नीट सांगितलं नाही म्हणून आपल्यावर दावा लावणार म्हणे. गुरुवारी एक वकीलबाई येतेय तुझा जबाब घ्यायला. कागद दे, विषय संपला."

"ट्रेंट, मी त्यांना विचारलं नव्हतं."

ट्रेंटने खुर्ची पुढे ओढली. तो चार वर्षांचा असल्यापासून डोरीन त्याला ओळखत होती. पुढे याच काउंटरखाली तो दोनदा झोपून गेलेला होता.

"तू सगळ्यांना विचारतेस. लोक तुला बघून रस्ता बदलतात, डोरीन."

"त्या दिवशी नाही विचारलं."

"बरं. तुला आठवत नाही असं म्हणू नकोस. खोटं बोल असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हण, की मी नेहमी विचारते. हे खोटं आहे?"

"नाही."

"मग?"

"असल्या चुकांसाठी एजन्सीचा स्वतःचा विमा असतो ना रे? तुझे वडील घ्यायचे."

ट्रेंट खिडकीबाहेर पाहू लागला. "आहे. पण फार नाही."

"फार नाही म्हणजे?"

"त्या विमा कंपनीने हप्ता वाढवला होता."

"म्हणजे सर्वांत खालचा."

"डोरीन, प्लीज."

ती हसली नाही. व्हर्न असता तर हसला असता, आणि मग मुलाच्या कानाखाली वाजवली असती.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. रॉजर गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा. नोव्हेंबरात त्याचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले होते, डोरीनच्या नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्यविम्यावर. नोकरी गेली तर गुडघेही पुढे गेले, आणि पासष्टीला मिळणारा सरकारी आरोग्यविमा लागू व्हायला सात वर्षं अवकाश होता.

रॉजरने कार्बोरेटर पुसायचं थांबवलं. "मी काही सांगणार नाही तुला."

"सांग की. कधी नव्हे ते मी विचारतेय."

"तू खोटं बोललीस की आठ-आठ दिवस भांडी घासत बसतेस. घासलेलीच. मला टीव्ही ऐकू येत नाही." मग तो पुन्हा पुसायला लागला. "गुडघे माझे आहेत. ते थांबा म्हटल्यावर थांबतील."

*

ओमाहाहून आलेली वकीलबाई एजन्सीच्या बाजूने लढणाऱ्या विमा कंपनीची होती. मिस प्रुइट, तिशीतली, मऊ आवाजाची. गावाच्या वाचनालयातली खोली घेतली होती. ट्रेंट डोरीनच्या शेजारी बसला.

"ही सही मिस्टर ह्लावाचनी तुमच्यासमोर केली?"

"हो."

"वरचा मजकूर त्यांनी वाचला?"

"नाही. चष्मा त्यांच्या खिशात होता. त्यांनी काढला नाही आणि मीही काढा म्हटलं नाही."

"बरं. जास्त रकमेच्या विम्याबद्दल गिऱ्हाइकांना सांगण्याची तुमची पद्धत काय आहे, मिसेस पावेल्का?"

"मी नेहमी विचारते."

शेजारी ट्रेंटने इतका वेळ धरलेला श्वास सोडला. मिस प्रुइटने ते वाक्य टाइप केलं. तिला तेवढंच हवं होतं. इथे थांबलं तर लॅडीचं शेत जाईल, बाकी कुणाचं काही जाणार नाही. डोरीनला वाचनालयाच्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं.

"म्हणजे त्या दिवशीही—"

"त्या दिवशी नाही."

टाइप करणारी बोटं थांबली. "मिसेस पावेल्का, दोन वर्षं झाली. रोज दहा-बारा माणसं येत असतील. इतक्या खात्रीने आठवतं?"

"ज्यांना विचारलं ते आठवत नाहीत," डोरीन म्हणाली. "विचारलं नाही असा हा एकच."

"कारण?"

"त्यांची बायको जाऊन आठ दिवस झाले होते. गमावण्यासारखं काय आहे, असं विचारावं लागतं. माझ्याच्याने नाही विचारवलं."

"कारण जबाबात घ्यायलाच हवं असं नाही," मिस प्रुइट म्हणाली.

"घ्या. नाहीतर मी आळशी वाटेन."

ट्रेंट उठून बाहेर गेला. काचेतून दिसत होतं, गाडीला टेकून तो कुणाला तरी फोन करत होता आणि मोकळ्या हाताने केस मागे सारत होता, अगदी बापासारखा.

*

ट्रेंट वाईट नव्हता. नोकरीवरून काढलं तरी त्याने तिला महिनाअखेरपर्यंत थांबू दिलं, आणि शेवटच्या दिवशी केक आणला. त्यावर साखरेच्या निळ्या अक्षरांत 'डोरीन, आभार' लिहिलेलं होतं. केक कापताना तिघं होते. तिसरा पोस्टमन.

एजन्सीच्या विम्याने आपला आकडा संपेपर्यंत पैसे दिले, आणि आकडा लवकरच संपला. उरलेल्यासाठी लॅडीने पूर्वेकडची ऐंशी एकर विकली. घर आणि पश्चिमेकडची ऐंशी राहिली. डोरीन खोटं बोलली असती तर सगळंच गेलं असतं, असं पुतण्या कॅफेत सांगायचा. तिने वेळेवर विचारलं असतं तर काहीच गेलं नसतं, असं दुसऱ्या टेबलावरून कुणीतरी म्हणायचं. दोन्ही खरं होतं. केल्सी काठी घेऊन पुन्हा दातांच्या दवाखान्यात जाऊ लागली. रॉजरचे गुडघे थांबले. पायऱ्या उतरताना त्यांच्याशी तो मोठ्याने बोलायचा.

डोरीनला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. लॅडी तिच्याशी बोलायला आला नाही. तीही गेली नाही. काय बोलणार? माफी मागायची तर ती ऐंशी एकरांची, आणि आभार ऐकायचे तर तेही ऐंशी एकरांचेच.

त्याने पिकअप विकला होता. लायसन्स कुणी काढून घेतलं नव्हतं. त्यानेच ते पाकिटात घालून सरकारी ऑफिसात नेऊन दिलं, असं तिने ऐकलं होतं.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात एका दुपारी तीनच्या सुमारास ती शाळेतून घरी निघाली होती. मका कापणीला आला होता. खडीच्या रस्त्यावर, डाव्या कडेने, समोरून लॅडी चालत येत होता. डोक्यावर टोपी, खांद्याला किराण्याची रिकामी पिशवी. गावापासून त्याचं घर दीड मैल.

डोरीनने वेग कमी केला. थांबावं का, काच खाली करावी का, हे तिचं काही ठरेना.

या रस्त्यांवर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात. ओळख असो, नसो, भांडण असो. लॅडीने पन्नास-पंचावन्न वर्षं ते बोट उचललेलं. आता त्याच्यासमोर स्टिअरिंग नव्हतं. तरी गाडी जवळ येताच त्याचा उजवा हात छातीपर्यंत वर आला, मूठ कशावर तरी अलगद ठेवल्यासारखी वळली, आणि तिच्यातून एक बोट उभं राहिलं.

डोरीननेही उचललं.

तो पुढे गेला. मागे धुळीचा लोट उठून त्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून ती वळण येईपर्यंत चालण्याच्याच वेगाने गाडी नेत राहिली.