तिघींची बाभळ

धुरपदा नववीत गेली होती आणि तिला वाटायचं, जगात प्रश्न असेल तिथं उत्तर असतंच. फक्त हात वर करायची हिंमत पाहिजे! जवळा बाजारच्या शाळेत गुरुजींनी विचारलं होतं, "एकच शहर तीन धर्मांना पवित्र कसं?" सगळा वर्ग माना खाली घालून बसलेला आणि हिचा हात वर. जेरुसलेम! ज्यू लोकांचं जुनं मंदिर तिथं होतं, येशूला तिथंच क्रुसावर चढवलं आणि तो तिथंच पुन्हा उठला, पैगंबरसाहेब एका रात्री तिथूनच आभाळात गेले. "जागा एकच, गुरुजी, पण ज्याचं त्याचं काहीतरी तिथं राहिलंय." गुरुजी शाब्बास म्हणाले, आणि त्या शाब्बासवर पोरगी कितीतरी दिवस तरंगत होती.

पण त्र्याहत्तरचा उन्हाळा तरंगण्याचा नव्हता. विहिरींत नुसता गाळ, चाऱ्यावाचून बैल आडवे झालेले, आणि अख्खं गाव दुष्काळी कामावर. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव खोदून राहिले होते. धुरपदाची आई सोजराबाई घमेली वाहायची. बाप पुंजाजी बांधावर टाकलेली माती धुमस मारून ठोकायचा. सुट्टी लागली तशी धुरपदाही आईच्या मागं घमेलं घेऊन उभी राहिली.

एका सकाळी मुकादम नरसिंगनं फक्कीची पांढरी रेघ पुढं ओढली. ती रेघ नाल्याकाठच्या जुन्या बाभळीला वळसा घालून गेली आणि बाभळ खोदायच्या जागेत आली. सोजराबाईच्या डोक्यावरचं घमेलं खाली आदळलं.

त्याला कारण होतं. तान्हं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, मातीत ठेवतात, मग घर कुणाचंही असो. त्या गावची तान्ही सगळी या बाभळीभोवती होती. वर दगड ठेवायचा नाही, खूण करायची नाही, आईनं मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर पुढच्या लेकराला ओढ लागते, असं म्हाताऱ्या सांगायच्या. सोजराबाईनं खूण केली नव्हती. पण हिवाळ्यात दोन महिन्यांचं पोर ठेवून परतताना तिनं मागं वळून बघितलं होतं.

"नरसिंगदादा, रेघ सरकवा. माझं लेकरू हाय तिथं."

"बाई, रेघ माझी न्हाई, सायबाची हाय. काम अडलं तर साहेब ते दुसऱ्या गावाला नेतील. मग खासाल काय?"

धुरपदा पुढं झाली. आवाज खणखणीत! तिनं जेरुसलेम सांगितलं, मंदिर, क्रूस, आभाळ, सगळं. अशी जागा खोदायची नसते, म्हणाली.

नरसिंगनं ऐकून घेतलं. "आन् त्या गावात लोक गुण्यागोविंदानं नांदतेत काय, पोरी?"

धुरपदानं मान खाली घातली. तिकडच्या लढाईच्या बातम्या तिनं पंचायतीच्या रेडिओवर ऐकल्या होत्या.

"बरं, एक करा," मुकादम म्हणाला. "हातभर जागा दाखवा. दुपारच्या आत काय असंल ते काढून न्या."

सोजराबाई पळतच बाभळीच्या उगवतीच्या मुळीपाशी गेली आणि तिथं हात टेकला. "इथं."

"तिथं कसं?" मागून रुख्मिणीबाई आली. ही पाटलांच्या शेजारच्या मळ्यातली; सोजराबाईचं घर गावकुसाबाहेर. "तिथं माझी सोनी हाय. तुमची लेकरं नाल्यापल्याड ठेवायची रीत व्हती."

"मेल्यावर बी नाला का, बाई?"

गावात मुसलमानाचं एकच घर. त्या घरची राबियाभाभी हातातली कुदळ टाकून आली. "दोघी बी झूट! माझा बच्चा या मुळीखाली हाय. त्याच्या बापानं माझ्यासमोर ठेवला."

तिघी एकाच मुळीवर हात ठेवून भांडत होत्या. पदर सुटले, शिव्या निघाल्या, सोजराबाईला कुणीतरी ढकललं. धुरपदा मधे पडली, "मावशी, भाभी, जागा एक असली तरी..."

"गप बस, शाळावाली!" रुख्मिणीबाई ओरडली. "तुझं गेलंय का कोण?"

माझा भाऊ गेलाय, असं तिला म्हणायचं होतं. ती आईचा सुटलेला पदर उचलायला वाकली.

दुपार झाली. कुणीच काही काढलं नव्हतं. माणसं कुदळी घेऊन सरकली, तशी सोजराबाई मुकादमाच्या पायाशी बसली. "दादा, खड्डा किती खोल झाला ते मोजाया तुमी मधी मातीचा खुंट तसाच सोडता ना? तेवढा इथं सोडा."

"साहेब मोजून गेले की तो बी कापावा लागतो, बाई."

"तवर तर राहू द्या."

बाभळ तोडली. भोवतीनं खड्डा खाली खाली गेला आणि मधे तो खुंट उरला, वर त्या मुळीचा बुडखा घेऊन. भाकरीच्या सुट्टीत तिघी तीन बाजूंनी त्याला टेकून बसत. एकदा राबियाच्या मडक्यातला घोट सोजराबाईनं मागितला नाही, पण राबियानं मडकं तिच्या बाजूला सरकवलं. रुख्मिणीबाईनं बघून न बघितल्यासारखं केलं.

साहेब आले, टेप लावली, आकडा सांगितला. "कापा."

"साहेब, न्हाई कापला तर?" धुरपदा म्हणाली. "एवढासा तर हाय. तळ्याचं काय बिघडंल?"

साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. ते रागावले नाहीत, हेच वाईट. "बांधाला इथलीच काळी माती लागते, बाळ. गावाला पाणी नको का?"

पाणी हवं होतं. तिच्या आईचं दूध पाण्यावाचून, भाकरीवाचून आटलं होतं, म्हणून तर भाऊ गेला. धुरपदा खुंटापासून बाजूला झाली.

मग तिघी उठल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रुख्मिणीबाई खणत होती, राबिया भरत होती, सोजराबाई वाहत होती. मातीत काही सापडलं नाही. सगळी सारखीच काळी. कुणाचं काय, कळायला मार्ग नव्हता.

सोजराबाईनं बांधावर घमेलं उपडं केलं. समोर पुंजाजी धुमस उचलून उभा.

"अवं," ती म्हणाली, "हळू मारा."

पुंजाजीचे हात तसेच वर राहिले. खालून मुकादम ओरडला, "पुंजाजी, काहून थांबला?"

"हळू मारलं तर पाणी न्हाई टिकायचं, सोजरे," तो म्हणाला, आणि त्यानं सगळं बळ लावून घाव घातला. मग दुसरा. रडत होता, पण मारत राहिला.