एका डीपीचे दोन बाप

सोमवारी सकाळी लॉरी आली तेव्हा मी स्टँडवर माझ्या मोटरसायकलच्या सीटवर आडवा पडून चहा पीत होतो. आमच्या न्याकोरा गावात चार चाकांचं काही आलं की समजायचं, एक तर कुणी मेलंय नाहीतर मतदान आहे. मतदान तर होऊन गेलं होतं. आणि मेलं असतं तर मला आधी कळलं असतं, कारण शवपेटीच्या मागे आमचा पास्टर नहूम माझ्याच बोडावर, म्हणजे या भाड्याच्या मोटरसायकलवर, बसून जातो.

लॉरीवर शिडी, दोरखंड आणि क्रेनचा हात. मी चहा तिथेच ठेवला.

हे लोक ट्रान्सफॉर्मर न्यायला आले होते.

आता हा डीपी आला कसा, ते ऐका. आमच्या ओग्वेनो खासदाराने नैरोबीत डिझेलवरच्या नव्या कराच्या बाजूने हात वर केला. हात त्याने तिकडे वर केला, दळण महागलं इकडे. मामा अकेच, आमच्याकडे बाईला मानाने मामा म्हणतात, तिची गिरणी डिझेल इंजिनावर चालायची. डब्याला जे पडायचं ते दुप्पट झालं. बायका मका घरी उखळात कुटायला लागल्या, आणि कुटताना प्रत्येक घावाला ओग्वेनोचं नाव घ्यायला लागल्या. हे त्याच्या कानावर गेलं. मग मतदानाच्या पंधरा दिवस आधी गावात खांब उभे राहिले, डीपी चढला, गिरणीपर्यंत तार ओढली गेली. फक्त वरची जोडणी करून बटण दाबायचं बाकी. "ते मी निवडून आल्यावर माझ्या हाताने दाबणार," ओग्वेनो भर सभेत म्हणाला.

मामा अकेचने विश्वास ठेवला. जुनं इंजिन विकलं आणि बायकांच्या बचत गटाच्या मदतीने किसुमूहून विजेची मोटर आणली. पण मत कुणाला दिलं, विचारा. साऱ्या गावाने ओग्वेनोने वाटलेली लेसोची रंगीत कापडं कमरेला गुंडाळली आणि मत दिलं त्याच्याविरुद्ध उभ्या माडाराला. शुक्रवारी निकाल लागला. ओग्वेनो आडवा.

आणि सोमवारी लॉरी.

मी पोचलो तर मामा अकेच खांबाला पाठ लावून उभी. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया, हातात झाडू.

"ओगुटू, हे बघ काय करतायत! इंजिन गेलं, आता हा पण गेला तर ती मोटर काय मी डोक्यावर घेऊन नाचू?"

लॉरीवाल्यांचा मुकादम ओनेको नावाचा, पोट सुटलेला, घामाघूम माणूस. त्याने कागद नाचवला. "मामा, दुरुस्तीसाठी नेतोय."

"चालूच नाही झाला, तर बिघडला कुठून?"

"ते साहेबांना विचारा."

"कुठल्या साहेबांना? पडलेल्या?"

लोक हसले. ओनेको नाही हसला. त्याने शिडी लावायला सांगितली. भांडून उपयोग नव्हता. त्यांच्याकडे कागद होता, आणि आमच्याकडे एक झाडू. मी हळूच मागे सरलो, एरंडाच्या झुडपाआड गेलो आणि माडाराच्या पी.ए.ला फोन लावला. ओलुओच त्याचं नाव. प्रचारात पंधरा दिवस तो माझ्याच मागे बसून फिरला होता, त्यामुळे त्याचा आवाज मी पाठीने ओळखतो.

"ओलुओचसाहेब, अभिनंदन! काय डीपी आणलात हो गावाला!"

"कसला डीपी? आम्ही नाही आणला."

"ते मला माहीत आहे. पण गावात सगळे म्हणतायत, माडारासाहेबांनी निवडून येताच तीन दिवसांत वीज आणली."

 पलीकडे खाकरणं. "असं म्हणतायत?"

"बायका तर गाणं बसवतायत. पण आत्ता ओग्वेनोची माणसं तुमचा डीपी उतरवायला आलीत. उतरवला, तर लोक म्हणतील, नव्या खासदाराचं तीन दिवसही चाललं नाही."

"आम्ही निघालो," ओलुओच म्हणाला. "तासभर थांबवा त्यांना."

तासभर! ओनेकोचा माणूस तिसऱ्या पायरीवर होता. मी इकडे तिकडे पाहिलं आणि मला पास्टर नहूम दिसला, बायबल काखेत मारून, कुणीतरी बोलावेल या आशेने उभा. अहो, या माणसाच्या प्रार्थनेत गेल्या वर्षी मयताला आलेल्यांच्या ताटातली मक्याच्या पिठाची उगाली दगड झाली होती. बकरा शिजला, गार झाला, परत गरम केला, तरी तो अजून नोहाच्या नावेतच होता.

"पास्टर," मी मोठ्याने म्हणालो, "ही माणसं उंचावर चढून विजेला हात लावणार. प्रार्थनेशिवाय? एखादा पडला-बिडला तर पाप कुणाला?"

पास्टरचे डोळे चमकले. "बंधूंनो! टोप्या काढा!"

 आमच्याकडे लग्न असो, मयत असो की दोन पोत्यांचा सौदा, प्रार्थनेवाचून काही सुरू होत नाही, आणि सुरू असलेल्या प्रार्थनेत हातोडा मारणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ओनेकोने टोपी काढली. शिडीवरचा खाली उतरला.

पास्टरने पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. "प्रकाश होवो, असं देव म्हणाला..." मग आदम, मग इजिप्त, मग खासदार मंडळी, मग सरोवरातले मासे, नावानिशी. ओनेकोने एकदा "आमेन" म्हणून पाहिलं. पास्टर डोळे न उघडता म्हणाला, "आपल्या या घाईतल्या भावासाठीही, प्रभू, आम्ही विनवतो..." आणि लॉरीच्या चार टायरांसाठी वेगवेगळं मागणं मागितलं. मामा अकेचचे खांदे हलत होते. दुरून वाटावं, भक्तीने रडतेय.

पास्टर इजिप्तातून सुटलेल्या लोकांबरोबर वाळवंटात भटकत चाळिसाव्या वर्षाला पोचला आणि धूळ उडवत तीन गाड्या आल्या. पुढच्या गाडीवर कर्णा, मधल्या गाडीत कोऱ्या काळ्या सुटातला माडारा, मागच्या गाडीत वीज कंपनीचा इंजिनीअर, आणि ओलुओचच्या हातात चक्क लाल फीत. फीत या लोकांच्या गाडीत कायमच असते की काय, देव जाणे.

"आमेन!" मी ओरडलो. पास्टरने माझ्याकडे जे पाहिलं ना!

बायकांनी जिभा हलवून असा काही जल्लोष केला की ओनेकोने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. माडारा त्याच्यापाशी गेला, खांद्यावर हात टाकला आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "आमचे कामगार बंधू! रात्रंदिवस राबून यांनी ही वीज आणली!"

ओनेको माझ्याकडे बघून पुटपुटला, "भाऊ, मी साहेबांना काय सांगू?"

"सांगा, उद्घाटन झालं. उद्घाटन झालेलं काढून नेता येतं का कुठे?"

फीत कापली. इंजिनीअरने वर जाऊन जोडणी केली. माडाराने बटण दाबलं. मोटर आधी गुरगुरली, मग घोंघावली, आणि गिरणीतून पिठाचा पहिला लोट आला तो थेट त्या कोऱ्या सुटावर. माणूस पांढराशुभ्र. तरी हसतच होता. फोटो चालू होते ना.

संध्याकाळपर्यंत ओग्वेनो रेडिओवर तावातावाने बोलायला लागला. "तो डीपी मी आणला! माझा आहे!" दुसऱ्या दिवशी माडाराने खांबाला पाटी ठोकली. तिसऱ्या दिवशी ओग्वेनोच्या माणसांनी तिच्याखाली दुसरी ठोकली, एक वीत मोठी. आता काढून नेईल कोण? जो नेईल तो चोर.

मी उद्घाटनाच्याच दिवशी माझा मक्याचा डबा घेऊन छाती काढून थेट पुढे गेलो. म्हटलं, आज आपलं दळण आधी. मामा अकेचने कोमट पिठाची मूठ माझ्या तळहातावर ठेवली, बोटं मिटवली, आणि क्षणभर हात तसाच धरून ठेवला.

मग म्हणाली, "झालं? आता रांगेत मागे जा. पास्टरच्या मागे. आणि त्याला काही विचारू नकोस, सुरू होईल."