चंद्रभागाबाईंचे केस

२००४ सालच्या उन्हाळ्यात सायखेड्याच्या घाटावर दर गुरुवारी तेलबाबाचा दरबार भरायचा. पार लासलगावाहून टेम्पो भरभरून लोक यायचे. बाबाच्या डोक्यावर फेटा कायम बांधलेला. त्याखाली काय आहे ते विचारायची कुणाची छाती नव्हती. "डॉक्टर मूळ मारतो, मी मूळ जागं करतो," असं गर्जून तो गावातल्या चंद्रभागाबाईंना पुढे बोलवायचा. त्या पदर मागे सारायच्या. डोक्यावर दोन बोटं दाट, काळे केस. चार महिन्यांपूर्वी तिथे एक केस नव्हता, हे अख्ख्या गावाने पाहिलं होतं. बाया हात जोडायच्या आणि पुरुष तेलाच्या बाटल्यांसाठी रांग लावायचे.

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. टकलावर तेल चोळून कुणाचं काय बिघडतंय, म्हणून मी हसत गप्प बसलो. हा माझा गुन्हा आहे.

चंद्रभागाबाईंना छातीचा कॅन्सर होता. नाशिकला ऑपरेशन झालं, औषधाचे सहा डोस ठरले. पहिल्या दोन डोसांतच केस गेले. नवरा जिवंत असताना बाईचं डोकं बोडकं, म्हणून संक्रांतीला बायांनी त्यांना कुंकू लावलं नाही. आजाराला न रडलेली बाई त्या दिवशी घरी येऊन रडली. हे मला त्यांच्या नवऱ्याने, दीपकने, सांगितलं तेव्हा मी विचारलं, "मग बाकीचे चार डोस?"

"बंद केले, गुरुजी. बाबा म्हणले, ते विष हाय. विष चालू असलं तर तेल लागत नाय."

मी दीपककडून डॉक्टरांचं नाव लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी नाशिकला त्यांच्या डॉक्टरांना गाठलं. "डोस थांबले की केस येतातच, तेल लावा नाहीतर लावू नका," ते म्हणाले. "त्यांना ताबडतोब घेऊन या." दवाखान्यातच पिंपळगावच्या यशोदाबाई भेटल्या. हाच आजार, हेच औषध, पण सहाही डोस पूर्ण केलेले. मी विनंती केली आणि त्या आल्या.

गुरुवारी त्या चंद्रभागाबाईंशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनीही पदर सारला. केस चार बोटं.

"कोणतं तेल लावलं, बाई?" गर्दीतून कुणी विचारलं.

"कोणतंच नाय. मलाबी हाच आजार, माझंबी डोकं बोडकं झालं होतं. सहाही डोस संपले, केस आले."

"माझी कृपा लांबूनबी लागते," बाबा म्हणाला.

"मी तुमचं नाव कालच ऐकलं, महाराज," यशोदाबाई म्हणाल्या.

चंद्रभागाबाई माझ्याकडे वळल्या. "म्हंजी गुरुजी, सहा डोस घेऊनबी केस आलेच असते?"

"हो."

"नुसतं थोडं थांबायचं होतं?"

मी मान डोलावली. त्या तिथेच पायरीवर बसल्या.

दुपारपर्यंत बाबा जीपमधून पसार झाला. नाशिकच्या तपासणीत दिसलं, की रोग यकृतात पसरलाय आणि आता डोस सोसण्याची ताकद उरलेली नाही. श्रावणात चंद्रभागाबाई गेल्या. शेवटची आंघोळ घालताना बायांनी त्यांचे केस विंचरले. ते कानापर्यंत आले होते. दीपक भिंतीकडे तोंड करून उभा होता.

औषधाने गेलेले केस बहुधा परत येतात. मध्येच सोडलेल्या औषधाची वेळ परत येत नाही. डोस चालू असलेल्या बाईला अपशकुनी म्हणून दूर सारू नका, तिथूनच ती बाबाच्या दारात जाते. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच विचारा: ज्यांनी हे तेल लावलं नाही, त्यांचं काय झालं? साधा प्रश्न आहे. मी तो विचारला, पण उशिरा विचारला.