कांबळ्यातली बंदूक

"आणि असा."

म्हाताऱ्याने काठी दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि सपकन खाली आणली. टोक फरशीवर आपटले. पुढे उभ्या असलेल्या एका बाईने कडेवरचे मूल छातीशी ओढून घेतले.

"मान आणि खांद्याच्या मधोमध. सुकं लाकूड फोडताना येतो ना, तसाच आवाज आला. माणूस काय नि ओंडका काय, कुऱ्हाडीला दोन्ही सारखेच."

त्याच्या मागे काचेच्या कपाटात ती कुऱ्हाड ठेवली होती. दांडा घामाने काळा पडलेला, पाते एके ठिकाणी खांडलेले, वरून दिव्याचा झोत. संग्रहालयात उठावाच्या इतर वस्तूही पुष्कळ होत्या. फाटके झेंडे होते, गावठी बॉम्बचे डबे होते, फाशी गेलेल्यांचे चष्मे होते. पण गर्दी व्हायची ती या दालनात. इथे कुऱ्हाड होती आणि ती चालवणारा हातही अजून जिवंत होता. सगळे शहर त्याला कुऱ्हाडआजोबा म्हणायचे.

माई गर्दीच्या मागे, लेकाच्या शेजारी उभी होती. डावा हात तिने शालीखाली घेतला होता. सकाळी गाडीतून उतरल्यापासून तो तिथेच होता, आणि लेकाने पसंत केलेल्या मुलीच्या वडिलांनी त्यावरून एकदा थट्टाही करून घेतली होती.

"विहीणबाई हात काही बाहेर काढत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, काय?"

"थंडी आहे हो," माई म्हणाली होती.

मुलीच्या वडिलांचे औषधांचे दुकान होते आणि बोलणे दुकानासारखेच चोवीस तास उघडे. मुलगी मात्र शांत होती. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. माईच्या घरी दोनदा येऊन गेली होती, आणि दोन्ही वेळा माईच्या शिलाई मशीनपाशी बसून तिला काजे करू लागली होती. माईच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे नाहीत हे तिने पाहिले, पण विचारले नाही. माईला ती तिथेच आवडली. लेक लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने इतक्या वर्षांत आईकडे हट्ट असा हा एकच धरला होता. आज माईने होकार द्यायचा, एवढेच उरले होते. पण मुलीचे आजोबा म्हणजे हेच कुऱ्हाडआजोबा, आणि त्यांचे म्हणणे पडले की सोयरीक जोडायची तर आधी संग्रहालय बघा, घर मग बघा.

येताना गाडीत मुलीच्या वडिलांनी सहज विचारले होते, "तुमच्या माहेरचं कोण होतं उठावात?"

"वडील विणकर होते. मी लहान असतानाच तापाने गेले."

हे वाक्य माईने इतक्यांदा वापरले होते की त्याला कुठे कोपरा उरला नव्हता. नवरा तेच खरे मानून वारला. लेकालाही तेच ठाऊक होते.

"नाही, आमचं काही म्हणणं नाही. विणकर तर विणकर. फक्त त्या सरकारी कुत्र्यांच्या रक्ताचं माणूस घरात नको. हिच्या थोरल्या बहिणीचं एक स्थळ त्यावरूनच मोडलं. मुलाचा पणजोबा पोलिसात निघाला. बाबांनी ताटावरून उठवलं त्यांना."

लेक हसला होता. माईने खिडकीबाहेर पाहिले होते. या शहरात ती त्या सकाळनंतर आज पहिल्यांदा येत होती.

"पोलीस चौकीचं छप्पर पेटलं होतं," कुऱ्हाडआजोबा सांगत होते. "बिळात धूर घातल्यावर उंदीर निघावेत तसे शिपाई एकेक करून बाहेर येत होते. एकाच्या केसांना आग लागली होती. तो नुसता गोल गोल धावत होता, त्याला मारायची गरजच पडली नाही. दुसऱ्याने हात जोडले. आमच्यातल्या एकाने ते जोडलेले हातच मनगटापासून उडवले. जोडलेलेच पडले खाली. मी पाहिलंय."

"कुणालाच सोडलं नाही?" एका तरुणाने विचारले.

"सोडायला ते काय पाहुणे आले होते?"

लोक हसले. म्हाताऱ्याने हसू ओसरू दिले. कुठे थांबायचे, कुठे आवाज उतरवायचा, हे त्याच्या अंगवळणी पडले होते. मग त्याने काठी शेजारच्या पुतळ्याकडे रोखली.

"आणि हा जमादार."

खाकी गणवेशातला मेणाचा पुतळा होता. डोळे वटारलेले, मिशा जाडजूड. माई तिकडे मघापासून बघत नव्हती, आता बघावे लागले. तिच्या बापाला मिशा नव्हत्या. पुतळ्याच्या हातातली छडी मात्र खरी होती. चौकीमागच्या त्यांच्या खोलीत दाराआडच्या खिळ्याला ती लटकलेली असायची. आई तिला तेल लावायची.

"या छडीने यानं माझ्या थोरल्या भावाला चौकीच्या पायरीवर बडवलं. सगळा बाजार बघत होता. पाठीची सालटी निघाली. आईने रात्री ओलं फडकं लावलं, तर फडक्याबरोबर कातडं आलं. दोन दिवस रक्त ओकला आणि गेला. लग्न ठरलं होतं त्याचं."

कोणी हसले नाही. माईला वाटले, ही गोष्ट खोटी असती तर किती बरे झाले असते. पण बाप संध्याकाळी घरी आला की मोरीत बसून कितीतरी वेळ हात धूत राही, हे तिला आठवत होते. मग तो तिला पुढ्यात घ्यायचा आणि तिचे केस विंचरायचा. त्याच हातांनी.

"जमादार सगळ्यांत शेवटी निघाला. अंगावर ओलं कांबळं घेतलेलं. छातीशी काहीतरी गच्च धरलेलं. मी दाराआड दबा धरून होतो. तो उंबऱ्याबाहेर आला आणि..." काठी वर गेली, खाली आली. "गुडघ्यावर आला. पुन्हा हाणली. पालथा पडला. पण छातीशी धरलेलं काही सोडलं नाही त्यानं. मागून आमची पोरं ओरडत होती, काय आहे रे, काय आहे? मी कांबळ्याचं टोक उचललं. बंदूक. भरलेली. मी ओरडलो, बंदूक आहे, संपला हा, चला पुढे."

इथवर आल्यावर म्हातारा घाईने बोलला. इतका वेळ चवीने सांगणारा माणूस, शेवटचे चार शब्द मात्र कडू औषध गिळावे तसे गिळून मोकळा झाला. टाळ्या वाजल्या. माईच्या लेकानेही वाजवल्या.

माईला ओल्या लोकरीचा वास आला.

तिचा कान बापाच्या छातीवर होता आणि छाती धडधडत होती. तिने डाव्या मुठीत त्याची कॉलर धरली होती. बाप म्हणाला, डोळे मीट. मग त्याच्या अंगातून काहीतरी येऊन तिच्या हातावर आदळले. हात पेटल्यासारखा झाला. पुन्हा एकदा आदळले. मग बाप तिच्यावर पडला आणि गरम गरम काहीतरी तिच्या तोंडावर वाहू लागले. ती रडली नाही, कारण श्वासच पुरत नव्हता. मग कांबळ्याचे टोक वर झाले. लाल उजेडात एक चेहरा दिसला, मिसरूडही न फुटलेला, काजळी माखलेला, नाकातून पाणी वाहत असलेला. त्या चेहऱ्याने तिच्याकडे पाहिले. तिच्या हाताकडे पाहिले. त्याचे तोंड उघडेच राहिले. मग त्याने टोक पुन्हा तिच्यावर घातले, झोपलेल्या मुलाला पांघरूण घालावे तसे हलक्या हाताने. आणि तो ओरडला, बंदूक आहे.

उजाडता मावशीने तिला बापाखालून ओढून काढले आणि पार दुसऱ्या मुलखात नेले. ती हाक मात्र बरोबर आली. आयुष्यभर झोपेत ऐकू येत राहिली. माणूस लेकराला बंदूक का म्हणेल, हे कोडे काही तिला सुटले नव्हते. आज सुटले. मागे कोयते घेतलेली पोरं उभी होती. त्यांच्या हाती सापाचे पिल्लू लागले असते तर त्यांनी ठेचायचे सोडले नसते.

दालनाबाहेर अंगणात बाके होती. मुलीचे वडील चहा आणायला गेले. लेक आणि मुलगी अंगणातल्या जुन्या तोफेपाशी फोटो काढत होती. म्हातारा लंगडत येऊन माईच्या शेजारी बसला आणि बसताना आधार म्हणून त्याने काठी तिच्यापुढे केली.

"धरा हो जरा, विहीणबाई. गुडघे आता माझं ऐकत नाहीत."

काठी पडायला आली होती. माईच्या उजव्या हातात पिशवी होती. डावा हात शालीतून आपसूक बाहेर आला आणि त्याने काठी धरली.

म्हातारा अर्धवट बसला होता, तसाच थांबला. तिच्या हाताकडे बघत राहिला. मग हळूहळू टेकला. तिकडे लेक काहीतरी म्हणाला आणि मुलगी मोठ्याने हसली.

"हाताला काय झालं?"

"लहानपणी. चारा कापायच्या यंत्रात."

"केवढ्या होतात?"

"पाच-सहा वर्षांची असेन. कोण लक्षात ठेवतंय."

"डावाच हात," तो म्हणाला. ते विचारणे नव्हते.

"डावाच."

"दुखतो?"

"थंडीत."

म्हाताऱ्याने खिशातून रुमाल काढला, पण तोंड पुसले नाही. तो नुसताच हातात चुरगाळत बसला. मघाचा तो दालनभर घुमणारा आवाज आता शेजारच्या बाकापर्यंतही गेला नसता.

"मी ते कांबळं उचललं ना... तेव्हा आत..."

माईला त्याचा चेहरा जवळून दिसत होता. दात गेले होते, भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, पण उघडे राहिलेले तोंड तेच होते. एका वाक्याचा प्रश्न होता. ते वाक्य बोलले की या माणसाच्या छातीवरची धोंड उतरणार होती. आणि तेच वाक्य बोलले की तिकडे तोफेपाशी चाललेले हसणे थांबणार होते.

"बंदूक होती," माई म्हणाली. "भरलेली. तुम्हीच सांगितलंत मघाशी."



"विहीणबाई, मी इतकी वर्षं..."

"तुमची नात गुणाची आहे. माझा होकार आहे. तारीख तुम्ही ठरवा, आम्हाला कुठलीही चालेल."

तेवढ्यात मुलीचे वडील चहाचे पेले सांभाळत आले, आणि होकार ऐकून त्यांनी निम्मा चहा स्वतःच्या बुटांवर सांडला.

"असं अचानक? मी तर अजून बासुंदी, नाही म्हणजे, काहीतरी गोडधोड तरी आणलं असतं! बाबा, ऐकलंत का? बाबा?"

"ऐकलं," म्हातारा म्हणाला.

चहा संपला नाही तोच पहारेकरी आला. शाळेची सहल आली होती, मुले दालनात बसवली होती. आजोबा येतात का? आजोबांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळले नाही. पण पहारेकऱ्याला एकच उत्तर माहीत होते. त्याने त्यांना धरून आत नेले. मागोमाग सगळे गेले.

मुले फरशीवर मांडी घालून बसली होती. म्हाताऱ्याने छप्पर पेटवले. शिपाई बाहेर काढले. पण केसांना आग लागलेला आला नाही, जोडलेले हातही आले नाहीत. भावाची पाठ मात्र आली, आणि ती सांगताना त्याचा आवाज फाटला. मुलीचे वडील माईच्या कानाशी म्हणाले, "आज दमलेत."

"मग जमादार निघाला. कांबळं घेऊन. छातीशी काहीतरी..."

काठी दोन्ही हातांनी डोक्यावर गेली आणि तिथेच राहिली. मुले वर बघत होती.

"काय होतं कांबळ्यात?" पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली.

"बंदूक," शिक्षकांनी हळूच आठवण करून दिली. "बंदूक होती ना, आजोबा? तिकडे पाटीवर लिहिलंय."

म्हाताऱ्याचे डोळे मुलांच्या डोक्यांवरून दारापाशी उभ्या माईपर्यंत आले. काठी त्याच्या हातातून सुटली, फरशीवर दोनदा उसळली आणि मुलांच्या रांगांमधून घरंगळत थेट मागे आली.

कोणी हलायच्या आत माई वाकली. शाल खांद्यावरून घसरली, ती तिने घसरू दिली. काठी तिने डाव्या हाताने उचलली, तीन बोटांत नीट धरली आणि मुलांमधून वाट काढत ती काचेच्या कपाटापर्यंत गेली. दिव्याचा झोत तिच्या हातावर पडला.

"धरा," ती म्हणाली. "पोरं थांबलीयत."

म्हाताऱ्याने काठी धरली. माईने ती लगेच सोडली नाही.

"आजोबा, सांगा ना," ती मुलगी म्हणाली. "पुढे काय झालं?"