भिंतीला खिळासुद्धा नको

"भिंतीला खिळासुद्धा दिसता कामा नये!" आमचा शेजारी सकाळी सकाळी बायकोवर ओरडत होता. याला सगळे 'मालक' म्हणतात. रस्त्याकडेच्या रानात तीन खोल्या बांधून भाड्यानं दिल्यापासून हे नाव त्यानं स्वतःच लावून घेतलंय. विटा वाहिल्या वहिनीनं, पाणी मारलं वहिनीनं. हा खाटेवर बसून गवंड्याला शिव्या देत होता. तरी मालक हाच.

रान खारवट. पेरलेलं धड उगवत नाही, उगवलेलं वाळून जातं. घर चालतं ते खोल्यांच्या भाड्यावर, हे आम्हा शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं. फक्त मालकाला नव्हतं, कारण त्याच्या कानाला पुतण्या लागला होता. या दिवट्यानं आधी पोल्ट्री काढून कोंबड्या मारल्या, मग डेअरी बुडवली, आता त्याला जुनी बस घ्यायची होती.

"काका, भिंतीत पैसा नुसता झोपलाय," तो पाय पसरून सांगायचा. "खोल्या तारण ठेवायच्या. खासगीवाले लगेच देतात, पण व्याजानं सोलतात. त्यापेक्षा खोल्यांवरचं बँकेचं जुनं कर्ज फिटत आलंय, तेच वाढवून घेऊ. हप्ता भाड्यातून जाईल. तुमच्या खिशाला झळ नाही."

"आणि आम्ही खायचं काय?" वहिनीनं विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?" मालक खेकसला.

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण म्हटलं, या दगडापुढं बोलून काय उपयोग.

बँकेचा साहेब खोल्या बघायला येणार म्हणून मालकानं चुना मारून घेतला. मग त्याला भाडेकरूंचीच लाज वाटायला लागली. त्यांचे स्टोव्ह, दोरीवरचे कपडे, कळकट गाद्या. वहिनीला हुकूम झाला, सगळ्यांना सामानासकट हलव, अंधार पडेपर्यंत कुणी तोंड दाखवायचं नाही.

सामान माझ्या गोठ्यात आलं. मी म्हटलं, "वहिनी, निदान एखादी खाट तरी राहू द्या तिकडं."

"मालकांचा हुकूम आहे, भावजी," ती म्हणाली, आणि परत जाऊन दोरीचे खिळेही उपटून आली.

दुपारी गरम वारा सुटला होता. घाम पुसत साहेब आला, तिन्ही खोल्यांत डोकावला.

"भाडेकरू कुठायत?"

"कामावर गेलेत," मालक छाती काढून म्हणाला.

"स्टोव्ह घेऊन?"

"फार टापटिपीचे लोक आहेत, साहेब," पुतण्या मध्येच बरळला.

साहेब हसला नाही. "हप्ता भाड्यातून भरणार म्हणता. इथं तर माणूस राहिल्याची खूण नाही. भाड्याचा काही कागद?"

कागद कुठला! भाडं रोख यायचं, तेही वहिनीच्या हातात.

"मग एखाद्या भाडेकरूला बोलवा."

"बोलाव की गं!" मालक ओरडला.

"कुठून बोलावू? तुम्हीच सांगितलंत ना, अंधार पडेपर्यंत तोंड दाखवायचं नाही म्हणून."

साहेबानं पेनाला टोपण लावलं. "रिकाम्या खोल्यांवर कर्ज वाढवता येणार नाही," म्हणाला आणि फटफटीला किक मारून गेला. बसवाला संध्याकाळपर्यंतच थांबणार होता. त्यानं बस दुसऱ्याला विकली. पुतण्या काकाला नाही नाही ते बोलून जो गेला, तो जेवायलाही थांबला नाही. एवढीच काय ती काकावरची माया.

दिवेलागणीला भाडेकरू परतले. स्टोव्ह पेटले, गाद्या पडल्या. कपडे वाळत घालायला मात्र खिळे नव्हते, म्हणून सगळे वहिनीपाशी आले. मालक कट्ट्यावर तोंड पाडून बसला होता. वहिनीनं त्याच्या हातात हातोडी दिली आणि पदरात बांधलेले खिळे मांडीवर ओतले.

"तेवढे ठोकून द्या. उद्या भाड्याचा दिवस आहे."

गपचूप उठला. ताज्या चुन्यावर ठोके घालत बसला. त्या खोल्या उभ्या राहिल्यापासून त्यांच्यासाठी त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं हे पहिलं काम. त्यातला एक खिळा वाकडा बसलाय, अजून तसाच आहे.