बिनखर्चाची प्रयोगशाळा

"पुढचं वाचा की, सर," बाई म्हणाल्या. "थांबलात का?"

हेडसरांनी परिपत्रक डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं. मजकूर दोन्हीकडून सारखाच वाईट दिसत असावा. मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीत कुणी चहा पीत होतं, कुणी वह्या तपासत होतं, आणि मिनिटभरापूर्वी सगळ्यांनी मिळून बाईंसाठी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवण्यासारखंच होतं म्हणा. परिपत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात विज्ञानाच्या बाईंचं तोंड भरून कौतुक होतं. त्यांच्या प्रयोगशाळेला 'शून्य खर्चाची आदर्श प्रयोगशाळा' असं नाव देऊन खाली फोटोही छापला होता. फोटोत बाई बरण्यांच्या रांगेपुढे उभ्या राहून मनापासून हसत होत्या.

दुसरा परिच्छेद हेडसरांनी जवळजवळ स्वतःशीच वाचला. ज्या अर्थी अशी प्रयोगशाळा कोणत्याही खर्चाविना उभी राहू शकते, त्या अर्थी या शाळेला आणि आजूबाजूच्या तीस शाळांना मंजूर झालेलं प्रयोगशाळेचं अनुदान यंदा देण्याची निकड उरलेली नाही. सर्व संबंधित विज्ञान शिक्षकांनी येत्या सोमवारी या प्रयोगशाळेला भेट द्यावी आणि तिचं अनुकरण करावं.

"म्हणजे बाई," गणिताचे सर म्हणाले, "तुम्ही एका फोटोत एकतीस शाळा बुडवल्यात." त्यांच्या विनोदांना एरवी खोली दाद द्यायची. आज कुणी हसलं नाही, आणि मग त्यांनीही कपात डोकं घातलं.

खाली सही होती ती भिंग्याची.

भिंग्या म्हणजे आताचे शिक्षण खात्यातले मोठे साहेब. पण वीस-बावीस वर्षांपूर्वी तो याच शाळेत बाईंच्या वर्गात होता, आणि भिंग हातात पडलं की ते सोडायचाच नाही म्हणून बाईंनीच त्याला हे नाव ठेवलं होतं. मुंगी, मीठ, शर्टाचा धागा, शेजारच्या मुलाचा कान, जे समोर येईल ते तो भिंगातून बघायचा. वडील नव्हते, आई लोकांचे कपडे शिवायची. शाळा सुटली की पोरगा बाईंच्या मागे मागे घरापर्यंत यायचा आणि त्यांची पिशवी धरायचा. त्या पिशवीत काय काय असायचं हे बाईंच्या नवऱ्याखालोखाल कुणाला ठाऊक असेल, तर ते त्याला.

कारण ती प्रयोगशाळा म्हणजे बाईंचं घर होतं, थोडं थोडं करून शाळेत नेलेलं. साखरेची बरणी गेली, मग पिठाची गेली. सासूबाईंनी जपून ठेवलेल्या सहा काचेच्या पेल्यांवर मापाच्या रेघा ओढून बाईंनी ते वर्गात मांडले, तेव्हापासून घरात पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यात पाणी मिळतं. मुलं त्यांना पाठीमागे बरणीबाई म्हणायची, आणि बाईंना ते माहीत होतं. त्यांचे यजमान घड्याळजी. त्यांनी जुन्या भिंतीवरच्या घड्याळाचे भाग जुळवून असा तराजू करून दिला होता, की त्यात कागदाचा कपटा टाकला तरी पारडं झुकायचं. आणि एक दिवस, मुलांना कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दाखवायच्याच असा बाईंनी हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपलं डोळ्याला लावायचं भिंग काढून दिलं. तेच भिंग त्यांनी पत्र्याच्या नळीत बसवून खाली आरसा लावला. स्वतः मग दुय्यम भिंगावर भागवत राहिले. बारीक कामं सुटली, गिऱ्हाईक नव्या दुकानांकडे गेलं. याबद्दल त्यांनी बायकोला एका शब्दाने कधी ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

या सगळ्याच्या वेळी पिशवी धरायला भिंग्या होता. भिंग काढून दिलं त्या संध्याकाळी तर तो घड्याळजींच्या दुकानातल्या स्टुलावर बसला होता.

खरी प्रयोगशाळा मिळावी म्हणून बाई अकरा वर्षं अर्ज करत होत्या. फार काही नको होतं. पाण्याचा नळ, चार टेबलं, गॅसची शेगडी, चार सूक्ष्मदर्शक. पुढच्या मार्चमध्ये त्या निवृत्त होणार होत्या, आणि त्याआधी एकदा तरी मुलांना रांग न लावता सूक्ष्मदर्शकात बघता यावं एवढीच त्यांची इच्छा होती. यंदा यादीत शाळेचं नाव आलं. यादीवर शेवटचा हात फिरवायला भिंग्या येणार असं कळलं तेव्हा बाईंनी वर्गातल्या बरण्या दोनदा घासल्या.

तो आला, एकेक वस्तू हातात घेऊन बघितली, फोटो काढले. "हसा ना, बाई," म्हणाला. बाईंचा सुळ्याशेजारचा वरचा दात गेलेला आहे. दंतवैद्याने तो वाचवायला मोठी रक्कम सांगितली होती. त्या वर्षी पगार तीन महिने उशिरा होत होता आणि वर्गाला काचपट्ट्या हव्या होत्या. शेवटी बाईंनी दात काढून घेतला. तेव्हापासून त्या हसताना तोंडावर हात धरतात. पण समोर भिंग्या होता, त्याच्यापुढे कसला आलाय हात.

मग त्याने वही उघडून विचारलं, "बाई, या सगळ्याला खर्च किती आला?"

"काही नाही रे," बाई म्हणाल्या.

घरी आलेल्या माणसाने एवढं कशाला केलंत म्हटल्यावर आपण म्हणतो ना, तसंच. जन्मभर त्या तेच म्हणत आल्या होत्या. भिंग्याने ते वहीत लिहून घेतलं.

परिपत्रक आलं त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाई त्याच्या कार्यालयात गेल्या. बाकावर बराच वेळ बसून राहिल्या. वाटेत दुसऱ्या शाळेतल्या एका विज्ञान शिक्षिकेचा फोन येऊन गेला होता. तिच्या वर्गाचं छप्पर गळतं, तिलाही यंदा नवी खोली मिळणार होती. "तुम्हाला मिरवायचं होतं ते मिरवलंत, आमचं का घालवलंत?" असं तिने विचारलं, आणि बाईंच्या तोंडून शब्द फुटायच्या आत फोन ठेवून दिला.

भिंग्या स्वतः दारापर्यंत आला. खुर्ची ओढून दिली, चहा सांगितला, पंखा वाढवला. आदरात काडीची कसूर नव्हती. बाईंनी परिपत्रक टेबलावर ठेवलं आणि फोटोतल्या आपल्याच तोंडावर बोट टेकवलं, जिथे दात नव्हता तिथे.

"हा शून्य खर्च?"

त्याने मान खाली घातली आणि उठून दार लोटलं. मग हळू आवाजात सांगितलं की वरून आकडा आला होता, एवढी रक्कम वाचवाच म्हणून. कुठून तरी कापावं लागणारच होतं. नुसतं कापलं असतं तर ओरड झाली असती, असं केल्याने निदान बाईंचं नाव तरी झालं. वर सगळ्यांना कल्पना फार आवडली होती. त्याला बढती मिळायची होती हे त्याने सांगितलं नाही. ते बाईंना बाकावर बसल्या बसल्या शिपायाकडून कळलं होतं.

"मी काही नाही म्हणाले, ते कसं म्हणाले, तुला कळलं नाही?"

"कळलं," तो म्हणाला.

तो खोटं बोलला असता तर बाईंना घरी जाताना धरायला काहीतरी राहिलं असतं. न कळून चुकलं पोराचं, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली असती. तेवढंही त्याने ठेवलं नाही.

"आणि बाई," तो म्हणाला, "जे आहे त्यात भागवायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

चहा आला होता. बाईंनी तो घेतला नाही. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला राग येण्याऐवजी लाज वाटते आहे, आणि ती नेमकी कशाची हे काही त्यांना सांगता येईना.

रविवारी त्या नवऱ्याला घेऊन शाळेत गेल्या. दिवसभर दोघांनी मिळून आपल्या घरच्या वस्तू काढल्या, कागदात गुंडाळल्या आणि चार खेपांत घरी आणल्या. बरण्या, पेले, तराजू, नळीतलं भिंग, आरसा, काचपट्ट्या, दिवा, चिमटा, दोऱ्याची रिळंसुद्धा. खिडकीत एक पाण्याची बाटली तेवढी त्यांनी राहू दिली. सातवीतल्या एका मुलीने ती आणून ठेवली होती आणि वर चिठ्ठी चिकटवली होती, 'आमच्या डबक्यातलं पाणी, मंगळवारसाठी'. मंगळवारी त्या पाण्यातले जीव बघायचं कबूल झालं होतं. बाटली बाईंची नव्हती, म्हणून ती त्यांनी हलवली नाही.

सोमवारी तीसही शाळांचे शिक्षक आले. भिंग्या पुढे होता, हेडसर त्याच्या मागे घाम पुसत चालत होते. दार उघडलं आणि सगळे आत येऊन थांबले. खोलीत एक लांब कट्टा होता, भिंतीत खिळे होते, चिरलेला फळा होता, आणि खात्याकडून कधीकाळी आलेला मानवी सांगाड्याचा तक्ता होता. तक्त्याचा खालचा कोपरा फाटल्यामुळे सांगाडा एका पायावर उभा होता. खिडकीत ती बाटली होती.

"खात्याने दिलेलं एवढं आहे," बाई म्हणाल्या. वर्गात शिकवताना असायचा तसाच त्यांचा आवाज होता. "बाकीचं माझ्या घरचं होतं, ते मी घरी नेलं. खर्च न करता एवढी प्रयोगशाळा होते. नीट बघून घ्या, हवं तर लिहून घ्या."

मागे एका तरुण शिक्षकाने सवयीने वही उघडली होती, ती त्याने मिटली. गळक्या छपराची शिक्षिका पुढे आली आणि बाईंचा दंड धरून उभी राहिली. पाच मिनिटांत भेट संपली. चहा ठरल्यापेक्षा लवकर दिला गेला.

व्हरांड्यात गर्दी पांगल्यावर भिंग्या बाईंजवळ आला. तो चिडला नव्हता. चिडला असता तर फार बरं झालं असतं.

"उद्या सगळं परत आणाल तुम्ही," तो म्हणाला.

"हा हुकूम आहे का, साहेब?"

बाईंच्या तोंडून त्याने साहेब पहिल्यांदाच ऐकलं. "हुकूम कशाला, बाई," तो म्हणाला. "मी ओळखतो ना तुम्हाला."

घरी पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर बरण्या, खिडकीत बरण्या, पलंगाखाली बरण्या. घड्याळजी खुशीत होते. "लग्न झाल्यापासून एवढं भरलेलं घर आज बघतोय," म्हणाले, आणि त्यांनी मुद्दाम सासूबाईंच्या पेल्यात, मापाच्या दुसऱ्या रेघेपर्यंत, बायकोला चहा ओतून दिला. बाईंनी तो प्यायला. आपण परत काही नेणार नाही असं त्यांनी नवऱ्याला दोनदा सांगितलं. ते दोन्ही वेळा बरं म्हणाले.

मग त्यांनी पत्र्याची नळी उघडली, भिंग काढलं, पदराने पुसलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "घ्या तुमचं. उशीर झाला जरा."

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं. कधीपासून बंद पडलेलं एक मनगटी घड्याळ उघडून त्यांनी चिमट्याने आतला स्क्रू धरायचा प्रयत्न केला. चिमटा स्क्रूच्या आजूबाजूला थरथरत राहिला. पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"दिसतंय का?" बाईंनी विचारलं.

"लख्ख दिसतंय गं," ते म्हणाले. "हात राहिला नाही." आणि त्यांनी ते असं सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाच्या हाताबद्दल बोलत होते. बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सकाळी त्या नुसती पर्स घेऊन निघाल्या होत्या. दाराशी दोन पिशव्या भरून ठेवलेल्या होत्या. बरण्या कागदात गुंडाळलेल्या, मधे नळी, आरसा, काचपट्ट्या, आणि सर्वांत वर रुमालात बांधलेलं भिंग. घड्याळजी वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते.

"अहो, हे काय?"

"मंगळवार आहे," ते वर न बघता म्हणाले. "डबकं वाट बघत असेल."

बाई उभ्या राहिल्या. भिंग्या किती बरोबर बोलला होता, हे त्यांना त्या क्षणी इतकं लागलं की दारच लावून घ्यावंसं वाटलं. मग त्यांनी पिशव्या उचलल्या. वाटेत पावलागणिक काचा किणकिणत होत्या. शाळेच्या फाटकापासून जिन्यापर्यंत त्यांनी एक पिशवी पोटाशी घट्ट धरली, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

पहिल्याच तासाला सातवीने रांग लावली. बाटली आणणारी मुलगी सर्वांत पुढे होती. बाईंनी काचपट्टीवर थेंब टाकला, आरसा खिडकीकडे वळवला. मुलीने एक डोळा मिटून दुसरा नळीला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"बाई," ती कुजबुजली, "आमच्या डबक्यात कोणीतरी राहतंय."

मागची रांग पुढे लोटली, बाईंना हसू आलं. हात आपोआप तोंडावर गेला. फोटोच्या वेळी नव्हता धरला, या वेळी त्यांनी तो तिथेच ठेवला.